रात्री अकराची वेळ मागून घ्या: पुण्यातून ऑल्टरनेटिव्ह संगीताचा रेडिओ कार्यक्रम, जॉन पीलच्या वाटेने

आरजे व्हायचंय म्हणणाऱ्याने आधी एक गोष्ट ठरवावी: बोलायचंय, की गाणी निवडायचीत? खासगी एफएमवर ही दोन कामं दोन वेगळ्या माणसांची असतात. गाण्यांची यादी म्युझिक मॅनेजर सॉफ्टवेअरमधून काढतो आणि आरजे मधल्या जागा भरतो. तिथे कुणी कितीही जाणकार असला, तरी एखाद्या नव्या बँडचं गाणं त्याला मनाने लावता येत नाही. गाणी निवडायची असतील तर वाट वेगळी आहे, आणि तिचा सगळ्यात स्वच्छ नकाशा बीबीसी रेडिओचा निवेदक जॉन पील याच्या कारकिर्दीत सापडतो.

मूळ नाव जॉन रेव्हन्सक्रॉफ्ट, जन्म १९३९. अमेरिकेत डॅलस, ओक्लाहोमा सिटी, सॅन बर्नार्डिनो अशा गावांत रेडिओ शिकून तो १९६७ साली इंग्लंडला परतला. समुद्रात नांगरलेल्या जहाजावरून चालणाऱ्या रेडिओ लंडन या विनापरवाना केंद्रावर त्याला मध्यरात्रीची वेळ मिळाली. त्या वेळी काय वाजतंय याकडे केंद्रवाल्यांचं लक्ष नव्हतं, म्हणून त्याने आवडेल ते वाजवलं. त्याच ऑगस्टमध्ये ते केंद्र बंद पडलं, ३० सप्टेंबरला बीबीसी रेडिओ १ सुरू झालं आणि २००४ मध्ये मृत्यू होईपर्यंत, म्हणजे ३७ वर्षं, तो तिथेच होता. यातून उचलायच्या गोष्टी दोन: नको असलेली वेळ घ्यायची आणि ती सोडायची नाही.

जागा आणि वेळ

पुण्यात विद्यापीठाची विद्यावाणी आहे, सिंबायोसिस आणि एफटीआयआयची केंद्रं आहेत. कम्युनिटी रेडिओचा, म्हणजे स्थानिक लोकांसाठी चालणाऱ्या अशा छोट्या केंद्राचा, परवाना संस्थेला मिळतो, व्यक्तीला नाही. तेव्हा परवान्याच्या मागे लागू नका, चालू केंद्राकडे आठवड्यातले दोन तास मागा. जाताना एक मुद्दा हाताशी ठेवा. अशा केंद्रांचे निदान ५० टक्के कार्यक्रम स्थानिक लोकांच्या सहभागातून तयार व्हावेत असा नियम आहे. पुण्या-पिंपरीतल्या बँडना वाजवणारा आणि त्यांची ध्वनिमुद्रणं करणारा कार्यक्रम केंद्राच्या या गरजेला धरूनच आहे.

सोबत दोन तासांचा नमुना नेऊ नका, कुणी ऐकत नाही. अर्ध्या तासाचा न्या: सहा गाणी आणि प्रत्येकाआधी थोडं बोलणं. वेळ रात्री दहानंतरची मागा. संध्याकाळी सातच्या वेळेवर तीनजणांचा डोळा असतो, अकराच्या वेळेला रिपीट कार्यक्रम लावलेला असतो. प्रक्षेपणाची ताकद साधारण १०० वॉटपर्यंतच असते, त्यामुळे मध्ये टेकडी आली की आवाज खरखरतो, आणि पुण्यात टेकड्यांना तोटा नाही. केंद्राचं अॅप किंवा स्ट्रीम असेल तर तेही जाहीर करत राहा.

पोटापाण्याचा उद्योग मात्र दुसरा ठेवा. अशा केंद्रांवर मानधन मिळालं तर ते पेट्रोलपुरतं असतं.

ऐकणं, म्हणजे खरी नोकरी

दोन तासांच्या कार्यक्रमासाठी आठवड्याला सात-आठ तास ऐकावं लागतं. पीलकडे टपालाने पोती भरून रेकॉर्डी येत. आता लिंक येतात, आणि लिंक न ऐकता राहून जाते, कारण ती टेबलावर पडून डोळ्यांत खुपत नाही. म्हणून वार ठरवा. आलेली प्रत्येक फाइल उतरवून एका फोल्डरमध्ये टाका आणि तो फोल्डर त्या वारी रिकामा झालाच पाहिजे. निदान दीड मिनिट ऐकल्याशिवाय कुठलंही गाणं बाजूला टाकायचं नाही. ओळखीच्या बँडला वेगळी रांग नाही. ही शेवटची अट पाळणं पुण्यात सगळ्यात अवघड, कारण इथे प्रत्येक ड्रमर कुणाचा तरी मावसभाऊ असतो.

निवडलेल्या गाण्याची चिठ्ठी करा, कागदावर. बँडचं नाव आणि त्याचा उच्चार (बँडकडूनच व्हॉइस नोट मागवा, अंदाजाने म्हणू नका), गाव, वर्ष, गीतकार, संगीतकार, एकूण लांबी, आवाज सुरू होण्याआधीचे सेकंद, शेवट तुटक की विरत जाणारा, शिव्या आहेत का आणि कितव्या मिनिटाला. गाण्यात मध्येच दीर्घ शांतता असेल तर ती लाल शाईने लिहा. बऱ्याच केंद्रांवर ठरावीक सेकंद आवाज बंद राहिला की यंत्रणा आपोआप राखीव गाणी सुरू करते. बँडने मेहनतीने ठेवलेल्या दहा सेकंदांच्या शांततेत मध्येच भलतंच गाणं घुसतं.

तबकडी वाजवणार असाल तर चिठ्ठीवर वेग हवाच. सात इंची सिंगल बहुधा ४५ची (मिनिटाला ४५ फेरे) असते. बारा इंचीचा मात्र भरवसा नाही, ती ३३⅓ किंवा ४५ कुठलीही असू शकते आणि लेबलवर लिहिलेलं असेलच असं नाही. पील चुकीच्या वेगाने रेकॉर्ड लावण्याबद्दल प्रसिद्ध होता. अनोळखी, बिनगायकीच्या संगीतात चूक कानाला कळत नाही, हे त्याचं साधं कारण.

जुन्या बाजारातली ७८

इंडी, म्हणजे स्वतंत्र बँडचा, कार्यक्रम म्हणजे फक्त इंग्रजी गाणारे गिटारवाले नव्हेत. पीलच्या एका रात्रीत पंक, रेगे, झिंबाब्वेच्या भुंडू बॉइजची गिटार आणि लाखेच्या जुन्या तबकड्या हे सगळं शेजारी शेजारी वाजे. पुण्यात हे करणं सोपं आहे. रविवारी किंवा बुधवारी जुन्या बाजारात चक्कर मारा. लावणी, पोवाडे, नाट्यपदं यांच्या तबकड्या अजून मिळतात. पुण्याच्याच ईझी वाँडरलिंग्ज या बँडच्या गाण्यानंतर चाळीसच्या दशकातलं नाट्यपद आलं की दोन्ही नव्याने ऐकू येतात.

पण ७८ची तबकडी हाताळताना घोटाळे ठरलेले. ती लाखेची असते, त्यामुळे स्पिरिट लावून पुसायची नाही, लाख विरघळते. डिस्टिल्ड पाण्यात सौम्य साबणाचा एक थेंब, मऊ फडकं, लेबल कोरडं. साधी सुई लावू नका: एलपीची सुई साधारण ०.७ मिलची (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग), ७८ला ३ मिलच्या आसपास लागते. बारीक सुई खाचेच्या तळाशी जाऊन घासते आणि गाण्यापेक्षा खरखर जास्त येते. टर्नटेबलला ७८चा वेगच नसेल तर तबकडी ४५वर वाजवून संगणकात घ्या आणि ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये वेग ७३.३ टक्क्यांनी वाढवा. पट्टी न हलवता फक्त लय वाढवणारा पर्याय निवडलात तर गायक मात्र खालच्या पट्टीत अडकतो. पट्टी आणि वेग दोन्ही एकत्र बदलणारा पर्याय हवा.

दोन तासांचं गणित

पावणेचार मिनिटांची २५ गाणी धरली तर ९४ मिनिटं जातात. प्रत्येकाआधी ४० सेकंद धरले तर बोलण्याला १७. उरली नऊ मिनिटं, ती केंद्राच्या घोषणा आणि अंदाज चुकण्यासाठी. गाणी २८ भरली की बोलणं घाईचं होतं, २० भरली की गप्पा सुरू होतात.

ताशी चार-पाच गाणी पुणे परिसरातली असू द्या, पण सलग नको. स्थानिक बँडचा वेगळा कोपरा केला की ऐकणारा त्याला सवलतीचा माल समजतो. तेच गाणं दोन परदेशी गाण्यांच्या मध्ये ठेवलं की ते त्यांच्या बरोबरीने उभं राहतं किंवा पडतं. आवडलेलं गाणं पुढच्या आठवड्यातही वाजवायला लाजू नका. पीलने १९७८ मध्ये अंडरटोन्स या बँडचं एक गाणं एकाच कार्यक्रमात लागोपाठ दोनदा लावलं होतं.

बोलताना आवाज चढवायचा नाही. रात्री अकराला माणूस एकटा ऐकत असतो, सभेत नसतो. ४० सेकंदांत ७०-८० शब्द बसतात. त्यात बँडचं नाव, गाव आणि गाण्यात नेमकं काय ऐकायचं ते सांगा. ‘अप्रतिम’ हा शब्द महिन्यातून एकदा. नाव गाण्याआधी आणि नंतर, दोन्ही वेळा घ्या, कारण मध्येच रेडिओ लावणारा नंतरच्याच नावावर अवलंबून असतो. गाणं सुरू झाल्यावर त्यावर बोलू नका. मराठी निवेदनात हिंदी-इंग्रजीची भेळ करण्याची व्यावसायिक सवय इथे उपयोगाची नाही. बेस, रिफ, डिस्टॉर्शन हे शब्द खुशाल वापरा, बाकी वाक्य मराठी राहू द्या.

सेशन: एका दिवसात चार गाणी

पीलची सगळ्यात मोठी पुंजी म्हणजे सेशन्स, म्हणजे खास कार्यक्रमासाठी केलेली बँडची मुद्रणं, चार हजारांच्या वर. त्यामागे अडचण होती. बीबीसीला दिवसात किती तास व्यापारी रेकॉर्ड वाजवता येतील यावर वादकांच्या संघटनेशी झालेल्या करारामुळे मर्यादा होती, म्हणून बँडना स्टुडिओत बोलावून मुद्रण करावं लागे. लंडनच्या मेडा व्हेल स्टुडिओत बहुधा एका दिवसात चार गाणी मुद्रित आणि मिक्स होत. वेळ कमी असल्याने चकचकीतपणा यायचा नाही, आणि तेच ऐकायला हवं असायचं.

ड्रमवाला बँड फ्लॅटमध्ये मुद्रित करू नका, सोसायटीची सभा भरेल. जॅमरूम, म्हणजे बँडच्या सरावाची खोली, चार-पाच तासांसाठी भाड्याने घ्या. गुरुवार टाळा, वीज कंपनीची देखभाल बहुधा त्याच दिवशी असते. गणपतीआधीचे दोन महिनेही जागा बघून घ्या, कारण ढोल पथकाचा सराव कितीही गाद्या लावल्या तरी भिंतीतून आत येतो. पावसाळ्यात पत्र्याचं छप्पर असलेली खोली नको.

आठ इनपुटचा ऑडिओ इंटरफेस (माइकचा आवाज संगणकात नेणारी पेटी) पुरतो: ड्रममधल्या किकला (पायाने वाजणारा मोठा ड्रम) आणि स्नेअरला (समोरचा खणखणीत ड्रम) एकेक, वरून दोन, बेस डीआय बॉक्समधून (गिटारची वायर थेट इंटरफेसला जोडणारी डबी), दोन गिटार अँपना एकेक, आणि गायकाला एक. ड्रमवरच्या दोन्ही माइकचं स्नेअरच्या मधोमधपासून अंतर दोरीने मोजून सारखं करा. दोरी नसली की एक माइक १५-२० सेंटिमीटर लांब राहतो आणि स्नेअर पत्र्याचा डबा वाजल्यासारखा पातळ होतो. गायकाच्या मागे दोन गोधड्या टांगा. गोधडी माइकच्या मागे नाही, गायकाच्या पाठीमागे, कारण माइकचं तोंड तिकडे असतं. पंखा बंद. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट. आवाज तपासताना सर्वोच्च पातळी उणे १८ डेसिबलच्या आसपास ठेवा, खऱ्या टेकला ड्रमर हटकून जोरात वाजवतो आणि ती उणे १२वर जाते.

जुन्या वायरिंगच्या इमारतीत ५० हर्ट्झची घरघर हमखास येते. आधी लॅपटॉपचा चार्जर काढून बघा. मग सगळी उपकरणं एकाच बोर्डवर आणा. तरी राहिली तर डीआय बॉक्सवरचं ग्राउंड लिफ्टचं बटण दाबा. प्लगची अर्थिंगची पिन कधीही तोडायची नाही, लोखंडी तारांच्या गिटारला हात आणि तोंडाशी माइक असलेला माणूस समोर उभा आहे.

दहाला मांडणी, साडेअकराला पहिला टेक, एका गाण्याला जास्तीत जास्त तीन टेक. चौथ्या टेकला भांडणं सुरू होतात. दोनपर्यंत मुद्रण संपवा, मिक्स त्याच संध्याकाळी. चहा-पोहे तुमच्याकडून.

परवानगी आणि नोंद

प्रत्येक गाण्यात दोन हक्क असतात: शब्द-सुरावटीचा आणि ध्वनिमुद्रणाचा. पहिल्यासाठी आयपीआरएस, दुसऱ्यासाठी पीपीएल (दोन्ही हक्कांचे परवाने देणाऱ्या संस्था) किंवा थेट कंपनी. हे केंद्र बघतं, पण कुठल्या गाण्यांचा हक्क त्यांच्याकडे आहे हे आधी विचारून घ्या, आणि प्रक्षेपणाची परवानगी स्ट्रीमलाही लागू आहे का हेही. स्वतंत्र बँडकडून लेखी परवानगी घ्या. त्यात प्रक्षेपण, पुनःप्रक्षेपण आणि इंटरनेट हे तीन शब्द हवेत आणि गाणं लिहिणाऱ्या प्रत्येकाची सही हवी. गायकाची एकट्याची सही पुढे बँड फुटल्यावर कामाला येत नाही. जुन्या तबकडीचं म्हणाल तर भारतात ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षं चालतो, पण संगीतकाराचा आणि कवीचा त्यांच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. तबकडी मोकळी झाली म्हणजे पदही मोकळं झालं असं नाही.

पाठवायच्या फाइलीत बोलणं आणि गाणी यांची पातळी जुळवताना बोलणं वर नेऊ नका, गाणी खाली आणा. हल्लीची मिक्सिंग आधीच ठासून भरलेली असतात. स्ट्रीमसाठी सगळं मिळून उणे १६ एलयूएफएस (कानाला जाणवणारा मोठेपणा मोजण्याचं एकक) ठीक, प्रक्षेपणासाठी केंद्राच्या इंजिनिअरला आकडा विचारा.

मतदान

पीलने १९७६ पासून श्रोत्यांच्या आवडीच्या ५० गाण्यांची यादी काढायला सुरुवात केली, ती नाताळच्या सुमारास वाजे. आपल्याकडे दिवाळी बरी, अंकांसारखीच वाट बघितली जाते. प्रत्येकाला तीन मतं द्या, पण तीन वेगळ्या बँडना. ही अट नसली की एखाद्या बँडचं सगळं कॉलेज तिन्ही मतं एकाच ठिकाणी ओततं. पहिल्या पसंतीला तीन, दुसरीला दोन, तिसरीला एक गुण. मतांसोबत एक ओळ लिहून मागवा. खोटी मतं शिक्षा म्हणून नव्हे, तर ओळ लिहायच्या कंटाळ्यानेच गळतात, आणि उरलेल्या ओळी यादी वाजवताना वाचून दाखवता येतात. यादी पन्नासाची भरत नसेल तर वीसची करा, आणि विसापासून खाली उतरत एकापर्यंत या.