चिनी मुलांना इंग्रजी शिकवताय? निदान या चुका तरी टाळा

सिंगापूरला घरी इंग्रजीच्या ट्यूशन घेणारे आपले मराठी लोक बरेच आहेत आणि त्यांच्याकडे चीनमधून आलेली मुलं हमखास असतात, कुणी इथल्या सरकारी शाळेत शिरायला एईआयएस या प्रवेशपरीक्षेची तयारी करतंय, कुणी कॉलेजसाठी आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेची. नवीन शिकवायला लागलेल्यांचे मला ठरलेले फोन येतात, "अगं याला ग्रामर सगळं येतं, मग वाचायला बसला की असा का गळपटतो?" दर वेळी तेच सांगून कंटाळा आलाय, म्हणून लिहून टाकते.

आधी हे 'ग्रामर येतं' म्हणजे काय ते बघा. तिकडे चीनमध्ये गाओकाओ म्हणजे कॉलेज प्रवेशाच्या परीक्षेत बहुतेक प्रांतांत इंग्रजीला १५० मार्क असतात आणि उताऱ्यातल्या गाळलेल्या जागा भरणं हा त्यातला नेहमीचा प्रकार, त्यामुळे मुलं त्यात वाघ असतात. जागा गाळलेली नसली की मात्र पंचाईत. म्हणून कृपा करून त्यांना टेन्सचा तक्ता परत पहिल्यापासून शिकवत बसू नका, तो त्यांना तुमच्यापेक्षा चांगला पाठ असतो.

माझ्या डोक्यात जाणारी सगळ्यात मोठी चूक म्हणजे शब्दांची यादी. एबीसीडीने लावलेलं जाडजूड पुस्तक, पहिल्या पानावर 'अबॅन्डन', आणि मुलं स्वतःच जोक करतात की अबॅन्डन पाठ झाला आणि तिथेच पुस्तक अबॅन्डन केलं. जी पुढे जातात त्यांचं तर अजून अवघड होतं, कारण प्रत्येक इंग्रजी शब्दाला एकच चिनी अर्थ चिकटवलेला असतो, आणि तो एकदा चिकटला की निघत नाही. 'रन' म्हणजे पळणं. मग 'वी हॅव रन आऊट ऑफ एग्ज' वाचलं की अंडी पळून जातात.

शांतोंगकडचा एक मुलगा यायचा माझ्याकडे, कष्टाळू, 'युबिक्विटस' आणि 'अनप्रेसिडेंटेड' झोपेत विचारलं तरी स्पेलिंगसकट सांगेल. तो एका फ्लॅटमध्ये खोली घेऊन राहत होता, सोडायची वेळ आली तेव्हा घरमालकीणबाईंनी डिपॉझिटमधून पडद्यांचे पैसे कापायचं ठरवलं, पडदे उन्हाने विटले होते एवढंच. हा पठ्ठ्या पैसे द्यायला तयार! म्हटलं अ‍ॅग्रीमेंट आण. त्यात इथल्या बहुतेक अ‍ॅग्रीमेंटमध्ये असतं ते वाक्य होतं, भाडेकरूने नुकसान 'मेक गुड' करायचं, 'फेअर वेअर अँड टेअर एक्सेप्टेड'. म्हणजे मोडतोड भरून द्यायची, पण रोजच्या वापराने होणारी झीज सोडून. याने काय वाचलं? मेक गुड म्हणजे छान करणे, म्हणून आधीचे दोन दिवस बाथरूम घासत बसलेला. फेअर म्हणजे न्याय, वेअर म्हणजे कपडे घालणं, टेअर हा त्याने मनात 'टिअर' असा वाचला म्हणून अश्रू, आणि एक्सेप्टेडला अ‍ॅक्सेप्टेड समजला. न्यायाने कपडे घालून अश्रू स्वीकारले जातील! एकही शब्द यादीबाहेरचा नव्हता हो. त्या संध्याकाळी धडा बाजूला ठेवला आणि ते दोन पानी अ‍ॅग्रीमेंटच मोठ्याने वाचून घेतलं, परत परत. दुसऱ्या दिवशी तो जाऊन बोलला, पडद्यांचे पैसे वाचले, बेसिनच्या नळाचा दांडा मात्र खरंच तुटला होता, तो भरावा लागला.

तेव्हापासून माझ्याकडे सुटा शब्द लिहायला बंदी आहे. वहीत पूर्ण वाक्य लिहायचं, जिथे सापडलं तिथलंच, मग ती लिफ्टमधली नोटीस असो की शॅम्पूची बाटली, आणि त्याखाली त्याच शब्दाचं स्वतःबद्दलचं एक खरं वाक्य. चिनी अर्थ लिहायचाच असेल तर अख्ख्या वाक्याचा. आणि पहिले काही आठवडे अवघड शब्द नाहीच, फक्त गेट, टेक, मेक, रन, सेट, होल्ड असले बारके शब्द, कारण खरा घोळ हेच घालतात. आया नाराज होतात, "टीचर, रोज दहाच शब्द? अ‍ॅपमध्ये तर शंभर होतात." होतात ना, अंगठ्याने चित्र दाबून शंभर होतात, पोरगं सलग किती दिवसांची साखळी झाली ते दाखवतं आणि परवाचा शब्द विचारला की पंख्याकडे बघतं. मला या साखळीवाल्या अ‍ॅप्सचा मनापासून राग आहे, असो.

दुसरं दुखणं वाचनाचं. आयईएलटीएस अकॅडेमिकला ६० मिनिटांत ३ उतारे, ४० प्रश्न, म्हणून क्लासवाले पहिल्याच दिवशी शिकवतात की उतारा वाचू नका, प्रश्नातला शब्द उताऱ्यात शोधा. झालं! उताऱ्यात शेतकरी आहेत, नवीन बियाणं आहे, प्रश्नात शेतकरी आणि बियाणं स्वस्त होतं असं आहे, पोरगं 'ट्रू' मारून मोकळं. किंमतीबद्दल उताऱ्यात चकार शब्द नाही, उत्तर 'नॉट गिव्हन'. हा शॉर्टकट ज्याला आधीच वाचता येतं त्याच्यासाठी आहे, ज्याला येत नाही त्याला तो खड्ड्यात नेतो.

आणि वाचता का येत नाही हे आपल्याला, म्हणजे मराठी माणसाला, चटकन कळायला हवं. 'काल बाजारात पाहिलेला माणूस' असं आपण म्हणतो, चिनीतही तसंच, सगळी माहिती आधी आणि माणूस शेवटी. इंग्रजीत 'द मॅन' आधी येऊन उभा राहतो, बाजार आणि काल मागून येतात. आपल्याकडे 'जो माणूस काल पाहिला तो' असा दुसरा रस्ताही आहे, चिनीत नाही. त्यामुळे ही मुलं लांब वाक्य दिसलं की आधी शेवटाकडे पळतात, तिथून एकेक तुकडा उचलून उलटा लावत येतात, कंस करतात, बाण काढतात, आणि एका वाक्याच्या तीन फेऱ्या होईपर्यंत घड्याळ पुढे गेलेलं असतं. डोळ्यांकडे नीट बघा, बुबुळं डावीकडे-उजवीकडे येरझाऱ्या घालताना दिसतात.

यावर माझा उपाय अगदी गावठी आहे. बसचं कार्ड घ्यायचं आणि वाचून झालेला भाग झाकत जायचं, मागे जायला परवानगी नाही. 'द मॅन', थांब, कुठला माणूस? 'आय सॉ', कुठे? 'अ‍ॅट द मार्केट', कधी? असं तुकड्यातुकड्याने पुढेच सरकायचं, मोठ्याने. पहिला आठवडा भयंकर जातो, मुलं चिडतात, एक मुलगी तर कार्ड फेकून उठून गेली होती. पण उतारा सोपा घ्यायचा, त्यांच्या लेव्हलपेक्षा चक्क खालचा, आणि तोच चार वेळा. परीक्षेच्या जुन्या पेपरवर हे करायला जाल तर मुलगाही जाईल आणि फीही.

बाकीच्या चुका किरकोळ आहेत पण रोजच्या आहेत. इंग्रजीतल्या 'ही' (तो) आणि 'शी' (ती) यांचा गोंधळ निष्काळजीपणा नाही, चिनीत लिहिताना वेगळं असलं तरी बोलताना दोन्हीला 'था'च म्हणतात, त्यामुळे कानाला फरकच माहीत नाही. दर वेळी टोकू नका, मी नुसती भुवई वर करते. 'ऑल्दो'च्या मागे 'बट' येणारच, त्यांच्याकडे स्वेईरान आलं की दानशर आलंच पाहिजे, आपलं जरी-तरी तसंच, तेव्हा हसू नका, दोनातलं एक खोड म्हणा आणि पुढे चला. "डोन्ट यू हॅव होमवर्क?" ला "येस" म्हणाला तर त्याचा अर्थ 'हो, नाहीये' असा असतो, आपणही तसंच म्हणतो की! आकड्यांचं म्हणाल तर ते दहा हजाराच्या वानमध्ये मोजतात, आपण लाखात, त्यामुळे मिलियन आलं की दोघेही अडखळतात. बोलायच्या आधी आकडा लिहून तीन-तीन शून्यांवर कॉमा द्यायचा. आणि कॉमावरून आठवलं, अख्खा परिच्छेद कॉमाने जोडून शेवटी एक फुलस्टॉप, हे चिनीत चालतं, निबंधात नाही.

निबंधाची सुरुवात 'विथ द रॅपिड डेव्हलपमेंट ऑफ सोसायटी' अशा पाठ केलेल्या साच्यातल्या वाक्याने झाली तर मी पुढचं वाचतच नाही, वही परत.

'आय ईट ऑलरेडी' हॉकर सेंटरवर, म्हणजे इथल्या खाण्याच्या ठेल्यांच्या बाजारात, बिनधास्त बोलू दे, तिथे सगळे तसंच बोलतात, शिवाय ते चिनीच्या साच्यात फिट्ट बसतं. फक्त तेच पेपरात उतरलं की मार्क जातात, एवढं एकदा स्पष्ट सांगून ठेवा, कारण मुलांना वाटतं सिंगापूरला आलो म्हणजे जे कानावर पडतं ते सगळं बरोबरच.

आणि पालक विचारतीलच, दोन महिन्यांत आयईएलटीएसचे बँड, म्हणजे गुण, साडेपाचवरून सात होतील का. मी सरळ नाही म्हणते. पहिले दोन महिने तर आधी पाठ केलेले शब्द वाक्यात आणण्यातच जातात, कुणी हो म्हणत असेल तर खुशाल त्याच्याकडे पाठवा.