सायकलचं हेल्मेट घेताना आधी आत बघा

सोलापूरच्या नवी पेठेत सायकलचं हेल्मेट घ्यायला गेलात तर रंग नंतर, आधी आतलं लेबल वाचा. 'ईएन १०७८' किंवा 'सीपीएससी' छापलेलं हवं. पहिलं युरोपचं मानक, दुसरं अमेरिकेचं. आयएस ४१५१ हे भारतीय मानक, पण मोटारसायकलच्या हेल्मेटचं. तसलं जड हेल्मेट घालून सोलापूरच्या उन्हात पायडल मारणं म्हणजे शिक्षाच! महागडंच घ्या असं नाही. मानकाचं स्वस्त असो की महाग, चाचणी तीच; जादा पैसे बहुतेक हलकेपणाचे आणि हवा खेळण्याचे. वापरलेलं मात्र फुकट मिळालं तरी नको, आतल्या फोमची चीर वरून दिसत नाही. भुवईच्या वर दोन बोटं जागा, हनुवटीखालच्या पट्ट्यात एक बोट. आणि पोराला 'वाढत्या मापाचं' घेऊ नका.