बागेत, गच्चीवर हस्तकला करायची तर: घडीची फोमची चटई

गादीवाल्याला सांगितलं की जमिनीवर बसायला फोम हवाय, तर तो हटकून जाड आणि मऊ तुकडा काढून देतो. बसायला तो छान असतो. पण त्यावर रंगाची वाटी ठेवली आणि शेजारी कोणी जरा हललं, की वाटी आडवी. बडोद्याच्या कमाटीबागेच्या हिरवळीवर मुलांना घेऊन चित्रं काढायची असोत, गच्चीवर शाडूचा गणपती करायचा असो की वाड्याच्या ओट्यावर आकाशकंदील चिकटवायचा असो, चटईला दोन वेगळी कामं असतात: बसायची जागा मऊ हवी आणि कामाची जागा टणक. म्हणून ही चटई तीन खणांची. मधला खण कामाचा, दोन्ही बाजूंचे बसायचे. दोघं समोरासमोर बसतात, पसारा मधे राहतो.

आधी फोमबद्दल, कारण खरी निवड तिथेच आहे. सोफ्यात असतो तो पीयू फोम पाणी पितो. हिवाळ्यात सकाळी हिरवळीवर दव असतं, ते त्यात मुरलं की दिवसभर सुकत नाही. टीव्ही-फ्रिजच्या खोक्यात येतो तो पांढरा, वाकणारा ईपीई फोम (थर्माकोल नव्हे) मात्र पाणी शोषत नाही, कारण त्यातले हवेचे बुडबुडे बंद असतात. तो एकटा बसायला टोचरा वाटतो आणि वजनाने हळूहळू चपटा होतो. म्हणून खाली ईपीई, वर पीयू. पीयू घेताना 40 डेन्सिटीचा मागा. हा आकडा म्हणजे एका घनमीटर फोमचं वजन किलोमध्ये. हलक्या डेन्सिटीचा फोम स्वस्त पडतो, पण लवकर दबून चपटा होतो.

सगळे तुकडे 45 × 65 सेंटीमीटरचे: 10 मिलिमीटर जाडीच्या ईपीईचे चार, अर्धा इंची पीयूचे दोन आणि 5 मिलिमीटर सनबोर्डचा एक. सनबोर्ड पाट्या बनवणाऱ्यांकडे मिळतो. प्लॅस्टिकचाच घ्या, कागद चिकटवलेला नको. बसायच्या खणात एक ईपीई आणि वर पीयू, मधल्या खणात दोन ईपीई आणि वर सनबोर्ड. तिन्ही खण साधारण अडीच सेंटीमीटर जाड होतात. पीयू दुकानातच कापून घ्या. ईपीई घरी लांब पात्याच्या कटरने कापता येतो, पण एका दमात नाही. पट्टी धरून दोन-तीनदा पातं फिरवा. थर एकमेकांना चिकटवू नका. ईपीईवर नेहमीचे गोंद धरत नाहीत, आणि कव्हरच्या खिशात घट्ट बसल्यावर त्याची गरजही नाही.

कव्हर वरून जाड सुती कॅनव्हासचं, खालून रेक्झिनचं. दोन्हीकडे रेक्झिन लावलं तर पुसायला सोपं, हे खरं. पण बडोद्याच्या उन्हात पाच मिनिटांत त्यावर बसवत नाही. कॅनव्हास गडद रंगाचा घ्या आणि कापण्याआधी एकदा धुऊन वाळवा, नाहीतर नंतर आटेल आणि फोम खिशात जाणार नाही. रेक्झिन आधी धुवायची गरज नाही.

कॅनव्हास 152 × 72 सेंटीमीटर कापा, रेक्झिन 152 × 80. रेक्झिनचा जादा भाग खिशांच्या तोंडावरची झडप होईल. कॅनव्हासच्या एका लांब कडेला 3 सेंटीमीटर दुमडून शिवा. हे खिशांचं तोंड. मग कॅनव्हासवर खडूने डाव्या कडेपासून 49, 52, 99.5 आणि 102.5 सेंटीमीटरवर उभ्या रेघा मारा. यामुळे दोन खणांमधे 3 सेंटीमीटरची मोकळी पट्टी राहते. ती फोमच्या जाडीपेक्षा थोडी जास्तच हवी, नाहीतर घडी पडत नाही आणि जोडावरची शिवण ओढली जाते.

वेलक्रो आत्ताच लावा; सगळं जोडल्यावर मशीनखाली हात पोचत नाही. मऊ पट्टी कॅनव्हासवर, तोंडापासून 6 सेंटीमीटर खाली, प्रत्येक खणाला वेगळी. खरखरीत पट्टी झडपेच्या आतल्या, कापडी अंगाला.

आता दोन्ही सुलट बाजू आतल्या अंगाला ठेवून, खालच्या कडा जुळवून, तीन बाजू दीड सेंटीमीटरवर शिवा. टाचण्या वापरू नका, रेक्झिनला पडलेलं भोक बुजत नाही. कपड्यांचे चिमटे पुरतात. 16 नंबरची सुई, पॉलिएस्टरचा दोरा आणि 4 मिलिमीटरचा लांब टाका. बारीक टाका घातला तर रेक्झिन शिवणीवरच तिकिटासारखं फाटतं. रेक्झिन मशीनवर चिकटून अडत असेल तर खाली बटर पेपरची पट्टी सरकवा आणि नंतर फाडून टाका. कोपरे छाटून कव्हर उलटवा आणि खडूच्या चारही रेघांवर शिवण मारा. जोडांजवळ झडपेला कात्री लावून तीन वेगळ्या झडपा करा. रेक्झिनचे धागे निघत नाहीत, त्यामुळे तिथे दुमड लागत नाही.

गोधडीसारखे टाके चटईभर घालायचा मोह होतो. दिसतातही सुंदर. पण प्रत्येक टाक्याच्या भोकातून ओल वर येते. इथे शिवण फक्त कडांना आणि जोडांना आहे, बसायच्या जागेखाली एकही नाही.

फोम भरून घडी घालताना एक खण वरून आणि दुसरा खालून मधल्या खणावर आणा. असं केलं की मातीची बाजू मातीच्या बाजूला लागते, स्वच्छ बाजू स्वच्छ बाजूला. बांधायला जुन्या बॅगेचा पट्टा चालतो.

घरी आल्यावर फोम काढून कव्हर धुवा आणि दोन्ही सावलीतच वाळत घाला. उन्हात राहिलेला पीयू फोम पिवळा पडतो आणि मग त्याचा भुगा होतो. शाडूचा चिखल ओला असताना चोळू नका. वाळू द्या, झटका आणि मगच धुवा. ग्लू गन मात्र सनबोर्डवर ठेवायची नाही, खाली एखादी फरशी घ्या. पणत्या रंगवायला ही चटई उत्तम. पेटवायच्या वेळी ती दूर ठेवा, दोन्ही फोम चटकन पेट घेतात.