जादूच्या प्रयोगासाठी पत्त्यांचा कॅट निवडताना

पाठीवरची नक्षी आवडली म्हणून कॅट घेतला, की प्रयोगात लोक जादूऐवजी पत्त्यांकडेच संशयाने बघतात. म्हणून आधी स्वतःची शैली ठरवा.

१. गप्पा मारत, घरगुती ढंगात जादू करत असाल तर साधा लाल किंवा निळा ‘बायसिकल रायडर बॅक’ (‘बायसिकल’ ब्रँडची नेहमीची पाठीची नक्षी) घ्या. ट्रिकचे खास पत्तेही याच नक्षीत सर्वात सहज मिळतात.

२. गूढ, जुन्या काळातलं पात्र रंगवत असाल तर मळकट, फिकट छटेचा कॅट शोभतो. लहान मुलांसमोर मोठ्या आकड्यांचाच हवा, मागच्या रांगेतल्या पोरालाही बदामची सत्ती ओळखता आली पाहिजे.

३. घेण्याआधी पाठीची कड बघा, हे फार महत्त्वाचं. एक पत्ता उलटा घालून कॅट पसरा. पांढरी किनार असेल तर तो झाकला जातो. ‘बी’ (Bee) ब्रँडसारख्या बिनकिनारीच्या कॅटात मात्र त्याची पांढरी कड लगेच डोळ्यात भरते.

४. पत्ते पंख्यासारखे पसरून मोबाइलवर व्हिडिओ काढा आणि ते लांबून कसे दिसतात ते बघा.

एक सांभाळा: मर्यादित आवृत्तीच्या कॅटावर अख्खा प्रयोग बसवू नका. एक पत्ता फाटला की जोडीचा मिळत नाही.