डॅलस ते डेन्व्हर : पिकअपमागे भाड्याचा ट्रेलर लावून घर हलवताना

घर हलवायचं ठरलं की इथल्या, अमेरिकेतल्या मराठी मंडळींचा पहिला प्रश्न असतो, "आपला पिकअप यू-हॉल या भाड्याने गाड्या देणाऱ्या कंपनीचा ट्रेलर ओढेल ना?" बहुतेक पिकअप ओढतात. मी उलट विचारतो, सामान कोण भरणार आणि कसं? कारण हायवेवर ट्रेलर सरळ मागे येणार की डोलणार, हे घरासमोर सामान भरतानाच ठरून जातं.

आधी वजन. यू-हॉलचा सहा बाय बारा फुटांचा बंद ट्रेलर रिकामाच १,९२० पौंडांचा आहे. आत २,४८० पौंड चालतात, म्हणजे भरल्यावर ४,४००. पिकअपच्या जाहिरातीत याहून कितीतरी मोठा आकडा असतो, त्यावर जाऊ नका. ड्रायव्हरचं दार उघडा. खांबावरच्या स्टिकरवर माणसं आणि सामान मिळून गाडीवर किती वजन चालेल ते छापलेलं असतं. ट्रेलरचा पुढचा दांडा हिचवर, म्हणजे पिकअपमागच्या जोडावर, जेवढा टेकतो, तेवढं वजनही याच आकड्यात धरायचं. हा भार एकूण वजनाच्या दहा ते पंधरा टक्के हवा. ४,४०० पौंडांवर दहा टक्के धरले तरी ४४० होतात. त्यात चार माणसं आणि पिकअपच्या मागच्या उघड्या बेडमध्ये टाकलेली खोकी मिळवा. बेरीज कागदावर करा, अंदाजाने नको.

आता भरणं. यासाठी अख्खी सकाळ राखून ठेवा. वजनाचा साठ टक्के भाग ट्रेलरच्या पुढच्या अर्ध्यात गेला पाहिजे. पुस्तकांची खोकी, वॉशिंग मशीन, वेट ग्राइंडर, पितळेची आणि स्टीलची भांडी पुढे, तळाशी, डावी-उजवी बाजू समान ठेवून. गाद्या, उशा, प्लॅस्टिकच्या खुर्च्या मागे. मित्र मदतीला आले की हाताला लागेल ते आत ढकलतात आणि जड कपाट शेवटी दाराशी राहतं. तसं झालं तर सगळं उतरवून पुन्हा भरायला लावा. कुणी रुसलं तरी चालेल. मागे वजन गेलं की हिचवरचा भार कमी होतो, आणि वेग वाढला की ट्रेलर डावी-उजवीकडे झोकांड्या खायला लागतो. शेवटी पट्ट्यांनी सगळं आवळून बांधा, सरकलेलं सामान हा हिशोब वाटेत बिघडवतं.

जोडताना हिचच्या बॉलवर, म्हणजे ज्या गोळ्यावर दांडा बसतो त्यावर, कोरलेलं माप आणि क्षमता वाचा. ट्रेलरला दोन इंची बॉल लागत असेल तर दोनच इंची हवा. बॉलवर बसवून कुलूपबंद केल्यावर दांडा वर उचलून बघा. सुटता कामा नये. साखळ्या दांड्याखालून एकमेकींना छेद देऊन अडकवायच्या, म्हणजे जोड निसटलाच तर दांडा रस्त्यावर न आपटता त्यांच्यावर तोलला जातो. मग एकाला मागे उभं करून ब्रेक लाइट आणि दोन्ही सिग्नल तपासा.

यू-हॉलची कमाल वेगमर्यादा ताशी ५५ मैल आहे, बाजूची पाटी ७५ म्हणत असली तरी. उजवी लेन धरा. अमरिलोकडे जाणारा २८७ नंबरचा हायवे टेक्सासच्या उत्तर टोकाच्या पॅनहँडल भागातल्या मोकळ्या माळावरून जातो, तिथे आडवा वारा बंद ट्रेलरच्या भिंतीवर थेट आदळतो. ट्रेलर डोलायला लागला तर ब्रेक दाबू नका, स्टिअरिंगने सावरायलाही जाऊ नका. ॲक्सिलरेटरवरून पाय काढा, चाक सरळ धरा, वेग आपोआप उतरू द्या. शांत झाल्यावर सुरक्षित जागी थांबा आणि मागे जड काय गेलंय ते बघा. एका दिवसात डेन्व्हर गाठायचा हट्ट नको, अमरिलोला मुक्काम करा.

दुसऱ्या दिवशी न्यू मेक्सिको-कोलोराडो सीमेवरचा रॅटन घाट लागतो, ७,८३४ फूट उंचीचा. चढावर इंजिनाच्या तापमानाकडे लक्ष असू द्या. उतार सुरू होण्याआधीच खालचा गिअर घ्या. टो-हॉल मोड (ओझं ओढतानाचं गिअरचं सेटिंग) असेल तर चालू करा. ब्रेकवर सतत पाय ठेवला तर ते तापतात आणि पकड सोडतात.

रिव्हर्सला हात स्टिअरिंगच्या तळाशी धरा. हात डावीकडे नेला की ट्रेलरचं मागचं टोक डावीकडे जातं. जरा जरा वळवा. कोन फार झाला तर पुढे घेऊन सरळ करा.

पोचल्यावर सामान उतरेपर्यंत ट्रेलर पिकअपला जोडलेलाच राहू द्या. तो सोडून कुणी जड माणूस मागच्या दारात चढला, तर पुढचा दांडा झटकन वर उचलला जाऊ शकतो, आणि मुलं नेमकी तिथेच खेळत असतात.