केंटच्या किनाऱ्यावर ‘फायरी क्लिअरविंग’ पतंग कसा शोधावा

ब्रिटनमध्ये हा पतंग जवळपास फक्त आग्नेय इंग्लंडमधल्या केंट परगण्याच्या किनाऱ्यावर, फोकस्टन गावाच्या आसपास दिसतो. पंखांचा विस्तार जेमतेम दोन सेंटीमीटर. त्यात तो भर दिवसा उडतो आणि पटकन गांधीलमाशीच वाटतो. म्हणून आधी पतंग नव्हे, त्याचं झाड शोधा.

हे झाड म्हणजे डॉक, आंबट चुक्याच्या वंशातली रानवनस्पती. मादी त्यावर अंडी घालते. अंड्यातून निघालेली अळी मुळात शिरून ते आतून पोखरते आणि हिवाळाही तिथेच काढते. दाट गवतातलं उंच, डेरेदार डॉक सोडून द्या. उघड्या, उन्हानं तापणाऱ्या जमिनीवरचं एकटं, खुरटलेलं रोप जास्त कामाचं. फोकस्टनजवळच्या ‘फोकस्टन वॉरन’ या किनारी कड्यांच्या भागात अशी जमीन मिळते, कारण तिथे चिकणमातीच्या थरावरचा खडूचा कडा अधूनमधून घसरतो. 1915 साली तर तिथल्या दरडीनं रेल्वेमार्गच सरकवला होता! रेल्वेला जे संकट, ते या पतंगाच्या पथ्यावर पडतं. अर्थात कड्याच्या अगदी कडेला किंवा पायथ्याशी रेंगाळू नका.

जून-जुलैमधला स्वच्छ उन्हाचा, कमी वाऱ्याचा दिवस निवडा. ढगाळ दिवशी गेलात तर फेरी फुकट. रोपापासून दोन-तीन पावलांवर बसा. आपली सावली त्यावर पडू देऊ नका. पुढच्या पंखांवर भडक नारिंगी-लाल रंग, काळी किनार आणि मधे काचेसारखे पारदर्शक तुकडे दिसले, की हाच तो. त्याचा भाऊबंद सिक्स-बेल्टेड क्लिअरविंग याच्या पोटावर पिवळे पट्टे भरपूर असतात, पण पंखांवर ही लाली नसते.

पतंग नाही दिसला तर पानं आणि देठ निरखा. अंडी काळसर, टाचणीच्या डोक्याहून लहान असतात. भिंग जवळ न्या, पान मात्र तोडू नका.

अळी बघायच्या मोहानं मूळ उपटणं तर सोडाच. 1981 च्या वन्यजीव कायद्यानं या पतंगाला पूर्ण संरक्षण दिलंय. पकडायचा असेल तर परवाना लागतो. तुमचं काम फोटोवर भागतं. तारीख, वेळ आणि नेमकी जागा लिहून ती नोंद जिल्ह्यात पतंगांच्या नोंदी ठेवणाऱ्या अभ्यासकाकडे पाठवा. समाज माध्यमांवर फोटो खुशाल टाका, जागा सांगू नका; संग्राहक अजूनही असतात.