एका जुवाला दोन बैल : टायट्रेशनचं गणित

लातूरच्या ज्युनिअर कॉलेजात मी केमिस्ट्री शिकवते. टायट्रेशन म्हणजे तीव्रता माहीत असलेल्या द्रावणाने दुसऱ्या द्रावणाची तीव्रता शोधणं. त्याचं गणित तपासताना माझी नजर आधी रासायनिक समीकरणावर जाते. ते न लिहिता पोरांनी थेट 'एम वन व्ही वन बरोबर एम टू व्ही टू' (दोन्हीकडे तीव्रता गुणिले आकारमान सारखं) मांडलं असेल, तर ऑक्झॅलिक ॲसिडच्या गणितात उत्तर हमखास निम्मं येतं.

का, ते सांगते. ऑक्झॅलिक ॲसिडच्या एका रेणूत देण्याजोगे हायड्रोजन दोन. हा रेणू म्हणजे जू समजा, आणि त्याच्याशी जुळणारं सोडियम हायड्रॉक्साइड म्हणजे बैल. एका जुवाला बैल दोन, पाच जुवांना दहा. सातच बैल असले तर तीन जुवं जुंपली जातील. अडलं बैलांपायी, म्हणून लिमिटिंग रिएजंट, म्हणजे आधी अपुरा पडणारा पदार्थ, बैल. आणि जुंपताना कोणी बैलांचं वजन करत नाही, नग मोजतात. ग्रॅम हे वजन, मोल हे नग. म्हणून गणितात आधी मोल काढायचे, मगच पुढचं.

आता करूनच बघू. ०.६३ ग्रॅम ऑक्झॅलिक ॲसिडचं १०० मिली द्रावण केलं. बाटलीवर 'डायहायड्रेट' (रेणूमागे पाण्याचे दोन रेणू) लिहिलेलं असतं, ते वाचा : मोलर वस्तुमान १२६ धरायचं, ९० नाही. ०.६३ भागिले १२६ म्हणजे ०.००५ मोल, द्रावण ०.०५ मोलर, म्हणजे लिटरला ०.०५ मोल. पिपेटने १० मिली घेतलं, त्यात ०.५ मिलिमोल. त्याला सोडियम हायड्रॉक्साइड दुप्पट, १ मिलिमोल. ब्युरेटमधून, म्हणजे खुणा असलेल्या तोटीच्या नळीतून, सोडियम हायड्रॉक्साइड सोडलं. मिलीतली रीडिंगं आली ९.९, ९.८, ९.८, सी.बी.आर. (जुळलेलं रीडिंग) ९.८. एक भागिले ९.८, सोडियम हायड्रॉक्साइडचं उत्तर ०.१०२ मोलर. लिटरला ग्रॅम विचारले तर ४० ने गुणा, ४.०८. तो 'दोन' विसरलात की ०.०५१ येतं.

ब्युरेट सोडियम हायड्रॉक्साइडच्याच द्रावणाने खंगाळा. कोनिकल फ्लास्क मात्र फक्त डिस्टिल्ड वॉटरने. त्यात थोडं पाणी राहिलं तरी बिघडत नाही, मोल तेवढेच राहतात. ॲसिडने खंगाळलात तर मोल वाढतात.

२०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी येत होतं. डिस्टिलेशनच्या कंडेन्सरला वाहतं पाणी आणायचं कुठून? यंत्र बंदच होतं. एका पोराने बोअरच्या पाण्यात ऑक्झॅलिक ॲसिड विरघळवलं आणि द्रावण दुधाळ झालं. पाण्यातलं कॅल्शियम ऑक्झॅलेटला धरून खाली बसायला लागलं होतं. त्याचं रीडिंग कोणाशीच जुळेना. "मॅडम, माझं कुठं चुकलं?" म्हणून तो वही घेऊन मागे फिरत होता. वहीतली एकही ओळ चुकलेली नव्हती.

ॲसिड संपल्याचं रंगाने दाखवणारा इंडिकेटर म्हणजे फिनॉल्फथॅलिन. त्याचा गुलाबी रंग फिकट हवा आणि हलवल्यावर तीसेक सेकंद टिकायला हवा. गडद झाला की थेंब जास्त पडले, ते रीडिंग सोडून द्या.

पोटॅशियम परमँगनेट आलं की जोडी बदलते : त्याचे दोन मोल, ऑक्झॅलिक ॲसिडचे पाच. तिथं वेगळा इंडिकेटर लागत नाही, पण फ्लास्क ६० ते ७० अंशांपर्यंत गरम करा, आणि द्रावण गडद असल्याने ब्युरेटमधली पातळी द्रावणाच्या वरच्या कडेला वाचा.